गुरुवारची चाळणी

१

थोरली आणि धाकटी या सख्ख्या बहिणी एकाच संस्थेत कामाला होत्या आणि दोघींचंही पोट एकाच तळ्यावर चालत होतं. फरक इतकाच, की थोरली त्या तळ्यात उतरायची आणि धाकटी त्याच्याकडे खिडकीतूनसुद्धा जरा जपूनच बघायची. थोरली गोड्या पाण्यातल्या जीवसृष्टीची अभ्यासक. शेवाळ, किडे, सूक्ष्म जीव, त्यांना पुरणारा आणि न पुरणारा प्राणवायू, हे सगळं तिला तोंडपाठ असायचं. धाकटी गणितवाली. वरचं उबदार पाणी आणि खालचं थंड पाणी यांच्या मधल्या सीमेवरून ज्या लाटा फिरतात, वरून बघणाऱ्याला ज्यांचा पत्ताही लागत नाही, त्यांची समीकरणं मांडणं हे तिचं काम.

"लाटांवर प्रबंध लिहितेय, आणि बादली काठोकाठ भरली की दोन पावलं मागे सरते," असं थोरली येईल त्या पाहुण्याला सांगायची. धाकटी चिडायची. पण ते चिडणं वरवरचं. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती आणि थोरली एकोणीस. वेणी घालण्यापासून वर्गमूळ शिकवण्यापर्यंत सगळं थोरलीनेच केलेलं, त्यामुळे तिला चिडवायचा हक्क होता आणि तो ती मनमुराद वापरत असे.

तळ्याच्या मधोमध एक तराफा नांगरून ठेवला होता. त्याच्याखाली साखळी सोडलेली, आणि साखळीवर दर तीन मीटरला एक असे बारा सेन्सर. सेकंदासेकंदाला ते पाण्याचं तापमान आणि प्राणवायू किनाऱ्यावरच्या खोलीत पाठवत. पाण्यात काहीही ठेवलं की त्यावर मळ चढतो. मळ चढला की सेन्सर प्राणवायू कमी दाखवायला लागतो, आलेखाची रेषा दिवसागणिक खाली घसरते. म्हणून दर गुरुवारी थोरली पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरायची आणि वरचे चार सेन्सर ब्रशने घासायची. प्रत्येकावर ब्रशचे बरोबर सात हात, कमी नाही, जास्त नाही. हा नियम तिचाच. बारा मीटरच्या खाली एकट्याने जायला संस्थेची मनाई होती. खालचे आठ सेन्सर वर्षातून एकदा साखळी वर ओढली जाई तेव्हाच पुसले जात. खाली उजेड नाही, उजेड नाही म्हणून शेवाळ नाही, म्हणून ते स्वच्छच राहतात, असं सगळे धरून चालले होते. खालचे आकडे घसरले तरी तो खोल पाण्याचाच गुण मानला जाई.

घासताना सेन्सर हलतात आणि वेडेवाकडे आकडे येतात. तेव्हा थोरलीने आठ वर्षांपूर्वी एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. गुरुवारी दहा ते एक या वेळेतलं सगळं तो चाळून बाजूला काढायचा आणि 'केर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. सगळे त्याला गुरुवारची चाळणी म्हणत. आठ वर्षांत तो केर कोणी उघडून बघितला नव्हता. केर उघडून बघतं कोण?

२

धाकटीने उघडला. तिला सलग, कुठेही न तुटलेली नोंद हवी होती. तळ्यातल्या एका संथ लाटेला या काठावरून त्या काठाला जाऊन परत यायला नऊ तास लागतात, आणि दर गुरुवारी मधूनच तीन तास कापले गेले की सगळं गणित लंगडं होतं. बुधवारी दुपारी तिने केरातले तास काढून जागच्या जागी शिवले. मग थोरलीच्या हातांच्या खुणा तेवढ्या ओळखून वजा कराव्यात, म्हणून तिने डेटा मायनिंगचा प्रोग्रॅम लावला. आठ वर्षांच्या आकड्यांत पुन्हा पुन्हा येणारा आकार शोधायचा, एवढंच त्याचं काम.

प्रोग्रॅमला आकार सापडला. सात छोट्या थरथरी आणि शेवटी रेषेची वर उडी: ब्रशचे सात हात आणि मळ निघाल्यावर सुधारलेला आकडा. तीन मीटर, सहा, नऊ, बारा. धाकटीला हसू आलं. आपल्या बहिणीची सहीच जणू तळ्यात उमटलेली.

मग तिने यादी खाली सरकवली. पंधरा मीटर. अठरा. एकवीस. यादी थेट छत्तीसपर्यंत गेली होती.

तिने चष्मा पुसला, प्रोग्रॅम पुन्हा चालवला आणि तोपर्यंत उठून चहा करून आणला. चहा निवला तरी यादी तीच राहिली.

३

गणित शिकलेल्या माणसाला भीती लगेच वाटत नाही. आधी चूक शोधायची सवय असते. साखळीच ती, वर घासलं की खाली हिसका जाणारच, असं धाकटी स्वतःशी म्हणाली आणि कागद ओढून बसली. साखळीतून जाणारी लाट किती वेगाने जाते हे काढायला तिला पाच मिनिटं लागली. उत्तर आलं, सेकंदाच्याही आत. शिवाय असा हिसका सगळ्याच सेन्सरना जाणवायला हवा, आणि खाली जाईल तसा क्षीण व्हायला हवा. इथे तर दर गुरुवारी थोरलीचे चार आणि खालचा एकच सेन्सर हलत होता, तोही पुऱ्या जोराने. आणि मुख्य म्हणजे त्याचा मळ निघत होता. हिसक्याने मळ निघत नाही.

मग तिने तारखा लावल्या. पहिली चार वर्षं काहीच नव्हतं. पाचव्या वर्षी सुरुवात झाली, छत्तीस मीटरवर, थोरली नावेत बसून परत गेल्यावर तासाभराने. सात हात, पण अडखळत, कधी सहा तर कधी नऊ. काही महिन्यांनी तेहतीस मीटर, पाऊण तासाने, बरोबर सात. मग तीस. मग सत्तावीस. दर वेळी एक पायरी वर आणि दर वेळी कमी उशिराने. गेल्या गुरुवारी ते पंधरा मीटरवर होतं. थोरलीने बाराचा सेन्सर घासून हात काढला आणि चाळीस सेकंदांनी, तिच्या पायांच्या जेमतेम तीन मीटर खाली, कोणीतरी सात वेळा घासलं होतं.

प्रतिध्वनी असेल, धाकटीच्या मनाने शेवटचा आधार शोधला. तळाला आपटून परत आलेली एखादी विचित्र लाट. मग तिला एका गुरुवारची नोंद दिसली. त्या दिवशी थोरलीच्या हाताला पेटका आला होता. घरी येऊन तिने तेल चोळून घेतलं होतं, धाकटीला ते चांगलं आठवत होतं. बारा मीटरवर थोरली पाचच हात घासून थांबली होती. खाली मात्र पूर्ण सात झाले होते.

प्रतिध्वनी कोणाची चूक सुधारत नाही. धाकटीने पेन्सिल खाली ठेवली. अठरा झाले होते, पंधरा झाले होते. आता बारा. आणि उद्या गुरुवार होता.

४

"म्हणजे तुझं म्हणणं, खाली कोणीतरी बसलंय आणि फुकटात माझं काम करतंय?" संध्याकाळी ओट्याशी उभी राहून थोरली म्हणाली. "अगं, मग सरांना सांगून त्याला कामावरच लावून घेऊ. मलाही जरा सुट्टी मिळेल."

"ताई, मी चेष्टा करत नाहीये."

"तेच तर वाईट आहे ना." थोरलीने पातेलं उपडं घातलं. "हे बघ, खाली गाळात राहणारे मासे असतात. सेन्सरवर बुळबुळीत थर जमतो, ते येऊन खातात. मी वर घासते, चुरा खाली पडतो, त्याच्या वासाने येतात. झालं तुझं कोडं."

उत्तर चांगलं होतं. थोरलीची उत्तरं नेहमीच चांगली असायची, लहानपणी पलंगाखाली काय आहे याचंसुद्धा तिच्याकडे चांगलं उत्तर असे. "आणि ते सात मोजतात?" धाकटीने विचारलं.

थोरलीचा हात क्षणभर थांबला. मग ती हसली. "बरं बाई. पाण्यात जायच्या आधी तुझ्या खोलीत येते. दाखव काय ते. बघितल्याशिवाय उतरत नाही, झालं?"

"शप्पथ?"

"शप्पथ. आता जेव."

५

सकाळी धाकटीला जाग आली तेव्हा घर रिकामं होतं. ओट्यावर चिठ्ठी होती: "दुपारी वारा सुटणार म्हणतात. लवकर उरकून घेते. अकराला तुझी भुतं बघायला येते. रागावू नकोस."

शपथ मोडताना माणूस इतकं गोड का लिहितो, कोण जाणे. धाकटी तशीच निघाली. संस्थेच्या खोलीत ब्रशचा खिळा मोकळा होता. खिडकीतून दूरवर तराफा दिसत होता आणि त्याला टेकून नाव. नावेत एकटे नावाडीकाका, दर गुरुवारी थोरलीला नेणारे.

तिने संगणकाचा पडदा चालू केला. चाळणी रात्री चालते, ताजे आकडे जसेच्या तसे येतात, पण गुरुवारी ते कोणी बघत नसे. बारा रेषा संथपणे सरकत होत्या. तीन मीटर: सात हात, उडी. सहा मीटर: सात हात, उडी. धाकटीने श्वास सोडला. थोरली ठीक होती, नेहमीसारखी घासत होती. नऊ मीटर: एक, दोन, आणि रेषा सपाट.

धाकटी वाट बघत राहिली. थोरली अर्धवट काम सोडत नाही. नाक पुसतानाही अर्धवट पुसत नाही.

पंधरा मीटरची रेषा थरथरली. एक, दोन, तीन... सात. बारावर अजून कोणी हातही लावला नव्हता. या वेळी ते कोणाच्या मागून करत नव्हतं.

मग बाराची रेषा हलली. ताईच असेल, धाकटीचं डोकं म्हणालं, नऊचं सोडून खाली आली असेल, काहीतरी कारण असेल. एक, दोन. तिने वॉकीटॉकी उचलून बटण दाबलं; दुसरी काकांकडे नावेत असे.

६

"काका, ताईंना वर घ्या."

"काय झालं धाकट्या ताई? आत्ता तर गेल्यात."

"आधी विचारा त्यांना, ठीक आहेत का!"

थोरलीच्या कमरेला एक दोर असे आणि त्याचं दुसरं टोक काकांच्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक आहेस का, खालून एक आला म्हणजे ठीक. तीन म्हणजे वर ये. गेली आठ वर्षं पाण्यातल्या माणसाशी बोलायची हीच भाषा होती.

"दिला एक," काकांचा आवाज आला. "आला. एक आला परत. ठीक आहेत की."

पडद्यावर बाराची रेषा पाचव्यांदा थरथरली.

"तीन द्या."

"दिले." थोडा वेळ नुसती खरखर. "एकच आला परत. तीन दिले तर तीन यायला पाहिजेत."

"ओढा! काका, ओढा!"

"एकदम ओढता येत नाही हो, कानाला इजा होते. हळूहळू घेतो." धाकटी तोवर खोलीबाहेर धावली होती. पायऱ्या उतरून ती धक्क्यावर आली. त्या फळ्यांवर तिने आजवर पाऊल ठेवलं नव्हतं, ते तिला आत्ता आठवलंसुद्धा नाही. "दोर येतोय," काका सांगत होते. "फार ढिला सोडला होता का मी? येतोय, येतोय... आता जड लागला. चांगलाच जड आहे."

"ओढत राहा."

"ओढतोय. अहो..." काकांचा आवाज एकदम बदलला. "अहो, थोरल्या ताई तर त्या बाजूला वर आल्या! तराफ्याच्या पलीकडे. डोकं दिसतंय!"

धाकटीलाही दिसलं. दूरवर, तराफ्याच्या पलीकडे एक काळा ठिपका, आणि वर उचललेला एक हात. तिच्या तोंडून हुंदका बाहेर पडला.

"मग दोराला जड काय आहे?" काका हळूच म्हणाले. ते तिला विचारत नव्हते.

थोरली पोहत नावेकडे आली. तिने कमरेची कडी सोडली आणि काकांनी तिला बखोट्याला धरून आत घेतली, एवढं धाकटीला धक्क्यावरून दिसलं. दोराचं सुटलेलं टोक सरसरत पाण्यात गेलं. मग काका म्हणाले, "सैल झाला," आणि त्यांनी उरलेला दोर भराभर गुंडाळून घेतला.

७

नाव काठाला लागायची वाट न बघता धाकटी पाण्यात शिरली. आधी गुडघाभर, मग कमरेइतक्या पाण्यात. थोरलीला तिने नावेत असतानाच मिठी मारली आणि तिच्या ओल्या सूटमध्ये तोंड खुपसून शिव्या घातल्या. शपथ मोडणारी, खोटारडी, आगाऊ. थोरली हसली नाही. "हो," एवढंच म्हणाली. "हो गं."

खोलीत गरम टॉवेल गुंडाळून बसल्यावर तिने सांगितलं. नऊच्या सेन्सरला दोन हात मारले आणि मुखवट्यात पाणी शिरायला लागलं. म्हणून ती थांबली, एका हाताने साखळी धरून, दुसऱ्या हाताने मुखवटा नीट करत. बाराला ती गेलीच नव्हती. दोराचा हिसका तिला एकदाही लागला नव्हता. दोराचा ढिला भाग तिच्या खाली लोंबत गेला होता, अंधारात, हे तिला वर आल्यावर कळलं.

"साखळी हातात थरथरली," थोरली म्हणाली. "खालून. मी मोजलं नाही, पण हाताला सवय आहे ना, हातानेच मोजलं. म्हणून खाली बघितलं. बाराच्या सेन्सरला पांढरा बिल्ला आहे बघ. तो दिसत होता. मग दिसेना. मग परत दिसला. मग परत दिसेना."

"मासा?" धाकटीने विचारलं. तिला मनापासून वाटत होतं की थोरलीने हो म्हणावं.

थोरलीने टॉवेलचं टोक पिळलं. "मी ब्रश डावीकडून उजवीकडे फिरवते," ती म्हणाली. "तेही डावीकडून उजवीकडेच जात होतं."

दारात नावाडीकाका उभे होते, हातात दोराचं वेटोळं घेऊन. आठ वर्षांचा तो दोर हिरवट पडलेला, सुळसुळीत, त्यांच्या तळव्यांचा रंगही तसाच झालेला. वेटोळ्याच्या मध्यावर त्यांनी बोट ठेवलं. तिथे दीड हात दोर दुकानातून आणल्यासारखा पांढराफटक होता.

"मी नाही धुतला," काका म्हणाले.

८

थोरलीने त्याच दुपारी संस्थाप्रमुखांना कळवलं की ती यापुढे तळ्यात उतरणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला उतरवलं तर राजीनामा टेबलावर असेल. सरांनी कारण विचारलं. ती म्हणाली, कान दुखतो. सर भले गृहस्थ होते, पण आठ वर्षांत एकही गुरुवार न चुकवणाऱ्या बाईचा कान एकाएकी दुखायला लागला हे त्यांना पटलं नाही. तरी त्यांनी ते मुकाट्याने लिहून घेतलं.

पहिला गुरुवार दोघींनी पडद्यासमोर काढला. दहा वाजले, अकरा, एक. बाराही रेषा संथ होत्या. दुसरा गुरुवार तसाच गेला. तिसऱ्या आठवड्यात वरच्या रेषा थोड्या खाली झुकल्या, आणि मग, अगदी सावकाश, खालच्याही. पंधरा, अठरा, एकवीस. मळ चढत होता, वर आणि खाली, सगळीकडे सारखा. खालच्या त्याला बघायला वर कोणी नव्हतं, तेव्हा शिकायलाही काही नव्हतं. निदान धाकटीने तरी तसं मानून घेतलं, आणि कितीतरी दिवसांनी ती रात्री पाय पोटाशी न घेता झोपली.

दहाव्या आठवड्यात सर खोलीत आले. पडद्याकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, हे काय! बाराच्या बारा बिघडले. याच्यावर कोणता निष्कर्ष काढणार? एवढ्या वर्षांची नोंद मातीत घालवलीत दोघींनी. निदान वरचे चार तरी कोणाकडून घासून घ्या."

धाकटी काही बोलायच्या आधीच थोरली उठून पडद्यापाशी गेली. खाली खाली घसरत चाललेल्या त्या बारा रेषांवरून तिने बोट फिरवलं, वरपासून तळापर्यंत. तिच्या चेहऱ्यावर धाकटीला इतका निवांतपणा आजवर दिसला नव्हता.

"नको सर," ती म्हणाली. "घाण आहे तोवर बरं आहे. ज्या दिवशी यातली एक जरी रेषा आपोआप सुधारेल ना, त्या दिवशी मला सांगा. त्या दिवशी आम्ही हे गाव सोडू."

सर हसले, त्यांना ती थट्टा वाटली. धाकटीही हसली, आणि हसता हसता तिने आधी पंधराच्या आणि मग बाराच्या रेषेवर नजर टाकली. दोन्ही खाली चालल्या होत्या.